घरातल्या गॅरेजला पेट्रोलचा कॉम्प्रेसर घ्या म्हणे!

घरच्या गॅरेजसाठी साधा कॉम्प्रेसर हवाय राव. गाड्यांच्या टायरात हवा, एअर फिल्टर झटकायचा, अधूनमधून नट खोलायची इम्पॅक्ट गन, एवढंच काम. पण या दुकानदारांनी डोक्याची पार मंडई करून ठेवलीय! सगळे फक्त एचपी आणि टाकीचे लिटर सांगतात. अरे बाबा ९० पीएसआय दाबाला किती सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, हवा देतो ते सांग ना, तर तोंडाकडे बघत बसतात. डब्यावर जो आकडा असतो तो पण डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन किती हवा ओढतो त्याचा कागदी हिशोब, नळीतून प्रत्यक्षात येणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी. आणि टाकी मोठी म्हणजे हवा जास्त असं छातीठोकपणे सांगतात! टाकी हवा साठवते, तयार नाही करत.

वर एकजण म्हणतो साहेब पेट्रोल इंजिनवालाच घ्या, लाइट गेली तरी टेन्शन नाही. घराखालच्या शटरच्या गॅरेजमध्ये? अहो इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस कधी आडवा होईल कळत पण नाही आणि वरच बेडरूमच्या खिडक्या! हे विकताना कोणी एका शब्दाने बोलत नाही याचा मला भयंकर संताप येतो. शिवाय तो आवाज, १०० च्या वर गेलेलं पेट्रोल, ऑइल बदला, प्लग बघा, आणि काही महिने पडून राहिला की कार्ब्युरेटर चोकअप. शेतावर, साइटवर, जिथे लाइनच नाही तिथे घ्या की खुशाल, घरात कशाला माथी मारताय?

म्हणजे घरात इलेक्ट्रिकच, यात दुसरा विचारच नाही. पण तिथे आमचं व्होल्टेज! संध्याकाळी २३० चं १८० होतं, आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने पडतो म्हणजे जोर राहतो जेमतेम ६० टक्के, मग मोटर नुसती हूंऽऽ करत बसते, फिरत नाही, कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जळतं. २ एचपीची मोटर सुरू होताना एरवी चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, एमसीबी पडतो, आणि वायरमनचा सल्ला काय तर ३२ अँपिअरचा टाका. वायर तीच बारीक ठेवून! आग लागली तर कोण येणार विझवायला? सुरुवातीच्या झटक्याला लगेच पडणारा बी कर्व्ह एमसीबी काढून त्याच रेटिंगचा, तो झटका सोसणारा सी कर्व्ह टाकायचा, मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढायची, हे मी त्याला शिकवायचं का?

आणि आता तोच दुकानदार फोनवर फोन करतोय, रविवारपर्यंत ऑफर आहे, २ एचपीवर स्प्रे गन फ्री. त्या गनच्या डब्यावरच ८ ते १० सीएफएम लिहिलंय, हा कॉम्प्रेसर तेवढी हवा देणार कुठून ते आधी सांग म्हटलं, तर फोन कट!