ग्रॅव्हिटी बघितली का?

इन्व्हर्टरचा बॅकअप तीन तासांवरून पाऊण तासावर आला की काय करायचं, यावरून कट्ट्यावर चांगलीच जुंपली.

संज्या ठाम होता. "शिशाची बॅटरी काढा, लिथियम बसवा. प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शोधलेली वस्तू अजून किती दिवस वापरणार?"

"जुनी म्हणून ती वाईट ठरत नाही," अण्णा म्हणाले. "ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडच्या द्रावणाची घनता, बघितली का? बॅटरी पूर्ण चार्ज कर, दोन-तीन तास लोड नको, मग ती मोजायचं हायड्रोमीटर घालून सहाही सेल, म्हणजे आतले कप्पे, तपास. ट्युब्युलरला (नळीदार प्लेटांची शिशाची बॅटरी) सगळीकडे १.२४०च्या आसपास दिसलं तर बॅटरीवर लगेच आळ घेऊ नकोस. आधी लोड मोज, वाढलेला असेल. सगळे सेल सारखेच १.१९०च्या घरात असतील तर चार्जिंग अपुरं पडतंय. पाच सेल नीट आणि एकच ०.०५०नं खाली असेल, तर तो सेल गेला. मग मात्र बदल."

मुक्ताची शंका रास्त होती. "अण्णा, ग्रॅव्हिटी उतरली म्हणजे ॲसिड कमी झालं. मग थोडं घातलं तर?"

"ते कमी होतं, पण उडून जात नाही," शकील म्हणाला. "डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं, ॲसिड त्यात अडकतं. चार्ज केलं की परत द्रावणात येतं. चार्जिंगमध्ये फुटतं ते पाणी, त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. म्हणून भरायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंतच. वरून ॲसिड ओतलं तर आकडा छान दिसतो, सल्फेट प्लेटांवर तसंच राहतं आणि आतली जाळी लवकर झिजते."

"आरओचं पाणी चालेल ना?" मुक्तानं विचारलं.

"नाही. त्यात क्षार शिल्लक असतात." (हा गैरसमज घरोघरी आहे. बॅटरी वॉटरचा कॅन फार महाग नसतो, तोच आणावा.)

संज्या मागे हटेना, आणि त्याचा पुढचा मुद्दा वजनदार होता. "वीज दिवसातून चारदा जात असेल तर शिशाची बॅटरी पुरती भरतच नाही. अर्धवट भरलेली राहिली की सल्फेटचे स्फटिक कडक होतात, मग ते विरघळत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटला, म्हणजे मी म्हणतो त्या लिथियम बॅटरीला, अर्धवट चार्जचा त्रास नाही. रसायनशास्त्रज्ञ गुडइनफ यांच्या गटानं १९९७ साली मांडलेलं रसायन ते. शिवाय बॅटरीवरचा १५० एएच (अँपिअर-तास) हा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा असेल, तर तो साडेसात अँपिअरला खरा. ४०० वॉटचा लोड टाक, बॅटरीतून ४० अँपिअरच्या आसपास ओढले जातात. तिथे १५० मिळत नाहीत."

हे अण्णांनाही मान्य झालं. शकीलनं मात्र अट घातली: "जुन्या इन्व्हर्टरला नुसती जोडू नकोस. ट्युब्युलरच्या सेटिंगला काही इन्व्हर्टर १५ व्होल्टच्या वर जातात. चार सेलच्या लिथियमला १४.६ ही कमाल, त्यापुढे तिचं बीएमएस, म्हणजे तिला जपणारं आतलं सर्किट, चार्जिंग तोडतं. खालच्या बाजूलाही घोळ आहे. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टपर्यंत बॅटरी वापरत राहतो आणि लिथियम १२ व्होल्टलाच जवळजवळ रिकामी असते. मधे व्होल्टेज फारसं हलत नाही, त्यामुळे पॅनलवरची बॅटरीची पातळी चुकीची दिसते. धोक्याची शिटी वाजायच्या आत बीएमएस पुरवठा तोडू शकतं आणि घर एकदम अंधारात. मॅन्युअलमध्ये लिथियमची सेटिंग आहे का बघ. नसेल तर इन्व्हर्टरचा खर्चही त्यात धर."