रिटायर झालेल्या पुरुषांचं करायचं काय?

आमच्या वसईत रिटायर झालेले पुरुष मला साधारण दोन जातीचे दिसतात. एक वाडीत घुसतात, केळी, विड्याची पानं, विहिरीचा पंप, आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. दुसरे गॅलरीत खुर्ची टाकून मोबाईलवर देश चालवतात. बायकांचं बरं असतं असं मी म्हणणार नाही, त्यांना मुळात रिटायरमेंटच नसते, पण निदान त्यांच्याकडे महिला मंडळ असतं, बचत गट असतो, रोझरीला जमणाऱ्या चौघीजणी असतात, एकमेकींच्या घरी दार न वाजवता जाता येतं. पुरुषाचं ऑफिस सुटलं की मित्र पण सुटतात कारण ते मित्र नव्हतेच, कलीग होते, आणि हे कळायला बिचाऱ्याला साठ वर्षं लागतात.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या शेजारचे अंकल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि ज्या घरांबद्दल लिहिणार आहे तिथलेही तपशील थोडे बदललेत. अंकल बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, सायंटिस्ट होते, रेडिएशन सेफ्टीमध्ये. रेडिएशनजवळ काम करणारी माणसं, म्हणजे हॉस्पिटलातल्या एक्स-रे टेक्निशियनपासून रिॲक्टरवाल्यांपर्यंत, छातीवर एक छोटा बॅज लावतात ना, त्याला टीएलडी बॅज म्हणतात. त्याच्यातला पदार्थ रेडिएशन साठवून ठेवतो आणि नंतर तापवला की त्या प्रमाणात उजेड देतो, उजेड मोजायचा, त्यावरून त्या माणसाला किती डोस बसला ते काढायचं. आपल्याकडे वर्षाला ३० मिलिसिव्हर्टच्या (डोस मोजायचं माप) वर कुणाला जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. म्हणजे अंकलचं आख्खं करिअर काय, तर कधी न भेटलेल्या माणसांच्या छातीवर काय येऊन पडलं ते मोजायचं आणि कुठे जास्त दिसलं की आरडाओरडा करायचा. मला हे काम फार भारी वाटतं, पण लग्नात कुणी विचारलं तर अंकल नुसतं "सरकारी नोकरी" म्हणून मोकळे व्हायचे.

साठाव्या वर्षी रिटायर झाले, अणुशक्तीनगरचं क्वार्टर सोडलं आणि वडिलांच्या घरी वसईला परत आले. पहिले काही महिने मस्त गेले, घराला रंग, टेरेसवर सोलर, सगळे बल्ब एलईडी. मग काम संपलं. मग आंटीच्या किचनचं ऑडिट सुरू झालं, गॅस किती दिवस पुरतो त्याचा तक्ता फ्रिजवर लागला. शेवटी आंटीनेच चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर फादरना गाठलं, म्हणाली, "फादर, ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मी माहेरी जाते." माहेर दोन गल्ल्या पलीकडे आहे ही गोष्ट वेगळी.

फादरनी त्यांना एसव्हीपीत पाठवलं. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी. बऱ्याच धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, असते, गरीब कुटुंबांना मदत करते, धर्म विचारत नाही. प्रत्येक ठिकाणच्या ग्रुपला कॉन्फरन्स म्हणतात, नाव मोठं पण असतात आठ-दहा माणसं आणि चर्चच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. आधी प्रार्थना, मागच्या मीटिंगचं मिनिट्स, मग कोण कुणाच्या घरी जाऊन आलं त्याचा रिपोर्ट, आणि शेवटी एक कापडी पिशवी फिरते, त्यात प्रत्येकाने हात घालायचा, किती टाकले कुणी बघायचं नाही, आणि काहीच नाही टाकलं तरी कुणाला कळत नाही. ही पिशवी मला फार आवडते. आपल्याकडे देणगी म्हणजे लगेच फरशीवर नाव, पंख्यावर नाव.

तर अंकल पहिल्याच मीटिंगला फॉर्म घेऊन गेले. घरी टाईप केलेला. कमावते किती, कर्ज किती, आजार कोणता, प्रत्येकाला मार्क, टोटल मारायची, ज्याचे मार्क जास्त त्याला मदत आधी. प्रेसिडेंटने फॉर्म बघितला, छान आहे म्हणाले, घडी घालून फाईलमध्ये ठेवला, आणि अंकलना बेस्टच्या बसच्या एका रिटायर्ड ड्रायव्हरबरोबर व्हिजिटला पाठवून दिलं. एसव्हीपीत एकट्याने जायचं नसतं, जोडीने जायचं. आणि या जोडीत सीनियर होता ड्रायव्हर. पीएचडीवाल्याने पिशवी धरायची आणि ड्रायव्हरने बोलायचं. आंटी सांगते, त्या दिवशी अंकल घरी आले आणि जेवताना गॅसबद्दल एक शब्द काढला नाही.

गेले होते नालासोपाऱ्याच्या एका चाळीत. नवरा अंथरुणाला खिळलेला, बायको चार घरची धुणीभांडी करते, दोन मुलं. कुणीतरी चांगल्या मनाने त्यांना इंडक्शनची शेगडी दिली होती, सिलेंडर परवडत नाही म्हणून. ड्रायव्हरकाका खाटेवर बसून नवऱ्याशी मुंबईतल्या जुन्या बस रूटवर गप्पा मारत होते आणि अंकल भिंतीकडे बघत होते, कारण ती शेगडी साध्या एक्स्टेंशन बोर्डला लावली होती आणि बोर्ड एका बाजूने काळा पडला होता. दोन हजार वॅटची शेगडी म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर करंट खेचणार, बोर्ड ६ अँपिअरचा, वायर हाताला गरम लागत होती, आणि खाली मुलांच्या गाद्या. दुसऱ्या दिवशी अंकल स्वतः इलेक्ट्रिशियनला घेऊन गेले, १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर, लोड वाढला की आपोआप पडणारा एमसीबी स्विच. ज्याने शेगडी दिली त्याला मी नावं ठेवत नाही, पण तो त्या खोलीत पाच मिनिटं बसला असता तर त्याला पण दिसलं असतं. आणि अंकलच्या त्या मार्कांच्या फॉर्ममध्ये वायरिंगचा रकाना नव्हता.

आता अँपिअरवरून आठवलं म्हणून सांगतो, हे मला अंकलनीच सांगितलं आणि मी नंतर शोधून पाहिलं तर खरंच आहे. ही सोसायटी काढली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या पोराने, २३ एप्रिल १८३३ ला, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, पाच-सहा मित्र आणि एक वयाने मोठा पेपरवाला संपादक. लॉचा स्टुडंट होता. वादसभांमध्ये चर्चची बाजू घेऊन भांडायचा आणि एकदा समोरच्याने विचारलं की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल सगळं, आता गरिबांसाठी काय करताय ते दाखवा. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याने १८ हजारांच्या वर माणसं मेली होती. पोरांकडे उत्तर नव्हतं, मग ती सिस्टर रोझाली रान्द्यू यांच्याकडे गेली, त्या तिथल्या गरीब वस्तीत काम करायच्या, त्यांनी घरांचे पत्ते दिले, जा म्हणाल्या. आणि हा ओझानाम पॅरिसमध्ये राहायचा कुणाच्या घरी? आंद्रे-मारी अँपिअरच्या. हो, तेच, ज्यांच्या नावावर करंट मोजतात ते. जगातला एक नंबरचा फिजिसिस्ट आणि हा त्यांच्या घरचा भाडेकरू, दोघे लिऑनकडचे, दोघे पक्के कॅथलिक. अंकल ही गोष्ट सांगताना असे खूष होतात जणू त्यांचाच कुणी नातेवाईक निघाला.

"सायंटिस्ट असून चर्चमध्ये?" असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी लांबलचक उत्तर द्यायचो, आता देत नाही, कंटाळा येतो. मला उलट असं वाटतं की ट्रेनिंग असलेला माणूस असल्या ग्रुपला फार उपयोगी पडतो, फक्त तो जिथे समजतो तिथे नाही. प्लॅनिंग, प्रेझेंटेशन, स्ट्रॅटेजी, हे कुणाला नको असतं. उपयोगी काय पडतं, तर ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवायची खोड, आणि नोंद ठेवायची खोड. अंकलनी एक वही ठेवलीय, त्यात मदत किती दिली हे नसतं, ते ट्रेझररकडे असतं, ह्यांच्या वहीत असतं की मदतीनंतर काय झालं. एका मुलाची फी भरली तरी तो शाळेत जाईना, सगळे म्हणाले पोरगं वाया गेलंय, ह्यांनी दोनदा सकाळी सात वाजता जाऊन बघितलं, आई कामावर गेलेली आणि पोरगं धाकट्या बहिणीला भरवतंय. बहिणीची बालवाडीत सोय केली, पोरगं शाळेत गेलं. दुसरी केस डायलिसिसची. डायलिसिस योजनेतून फुकट होतं म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो, पण आठवड्यातून तीनदा रिक्षा जायची-यायची, चार तास मशीनवर, बरोबर एक माणूस पाहिजे म्हणजे त्याची मजुरी बुडाली. आता तिथे आळीपाळीने कॉन्फरन्सचे लोक बसतात. अंकलचा गुरुवार. पेशंटला बुद्धिबळ शिकवलंय आणि आता पेशंटच त्यांना हरवतो.

मला वाटतं खरी गोम ह्या गुरुवारात आहे. रिटायर्ड माणसाला आपण सांगतो छंद जोपासा, वाचा, फिरा, योगा करा, सगळं स्वतःसाठी, आणि त्यातलं काहीही आज नाही केलं तर कुणाचं काही अडत नाही. गुरुवारी अंकल नाही गेले तर एक माणूस गेटवर उभा राहतो. लोक म्हणतात सेवेने समाधान मिळतं, मिळत असेल, मला माहीत नाही, अंकल तर बऱ्याच वेळा वैतागलेलेच येतात. पण ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात, आणि हे अणुशक्तीनगरनंतर बंद झालं होतं.

आता काही जण म्हणतील ही सगळी मलमपट्टी आहे, गरिबी अशी जात नाही, सरकारला जाब विचारा. बरोबर आहे. ओझानामलाही ते माहीत होतं, १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी त्याने मित्रांबरोबर पेपर काढला, मजुरांच्या बाजूने लिहिलं, निवडणुकीला पण उभा राहिला आणि पडला. चाळिसाव्या वर्षी गेला. पण जाब विचारायला सुद्धा आधी माहिती पाहिजे ना, आणि ती माहिती त्या खोलीत असते. अंकल आता अर्धा वेळ संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म भरत असतात. महिन्याला १५०० रुपये मिळतात विधवा, निराधार लोकांना, पण वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो, वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, एवढ्यात कोण जगतं सांगा, आणि कागद जमवताना म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो. ज्यांनी आयुष्यभर रिसर्च पेपर लिहिले ते आता अंगठ्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून सही करतात. मी हे कौतुकाने लिहितोय, कीव म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ही सोसायटी सुरुवातीला पुरुषांचीच होती, बायकांची वेगळी शाखा इटलीत निघाली, १९६७ साली दोन्ही एकत्र आल्या. म्हणजे नियमाने कुणाला अडवलेलं नाही, कितीतरी ठिकाणी बायका प्रेसिडेंट आहेत. आमच्याकडे मात्र सगळे पुरुषच, वर म्हणतात बायका येतच नाहीत. पुरुषांना असा एक कोपरा पाहिजे हे मला पटतं, वरती मीच एवढं लिहिलंय त्यावर, पण विधवा बाईच्या घरी दोन म्हातारे पुरुष जाऊन बसले तर ती तिचं सगळं सांगेल का? काही गोष्टी आंटीलाच कळतात आणि आंटी त्या जेवताना अंकलना सांगते, मग त्या मीटिंगमध्ये अंकलच्या नावावर येतात.

मी हे अंकलना बोललो तर ते म्हणाले, "मीटिंग कधी असते? रविवारी सकाळी दहाला. त्या वेळी बायका कुठे असतात? स्वयंपाकघरात. मग येणार कशा? आधी वेळ बदला, मग बोला." आता शनिवारी संध्याकाळी मीटिंग घ्यायचा प्रस्ताव त्यांनी लेखी दिलाय, मिनिट्समध्ये आलाय. दोघांचा कडक विरोध आहे. त्यातले एक माझे पप्पा.