गॅसची गोळी किडनीला वाचवत नाही

गुडघे दुखले की आपल्या नागपुरात ठरलेला इलाज: डायक्लोफेनॅक, 'अन् सोबत एक गॅसची देजो बाप्पा.' ही गॅसची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, पोटात गेली की सगळे निर्धास्त. माझं भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

ती गोळी जठर सांभाळते, आतड्याचा सुरुवातीचा तुकडा सांभाळते. बस. किडनी, हृदय तिच्या हद्दीत येत नाहीत.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफेनॅक ही सगळी एकाच घरची. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं, सूज आणणारं रसायन तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज उतरते. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं, पुढे १९८२ चं नोबेल मिळालं. पण जठराचं अस्तर टिकवणारं आणि किडनीत रक्त आणणारी नळी मोकळी ठेवणारंही हेच प्रोस्टाग्लँडिन. म्हणून 'गोळी झेपत नाही, इंजेक्शनच द्या' यालाही अर्थ नाही. औषध रक्तातून तिथंच पोचतं.

आता मे महिना धरा. पारा पंचेचाळीसवर, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन, बऱ्याचदा एकाच गोळीत. एक किडनीतून बाहेर जाणारी नळी सैल करते, दुसरी पाणी काढते, आणि वरून वेदनाशामक आत येणारी नळी आवळतं. कूलरची टाकी रिकामी, त्यात पंपाचा पाइपही चिमटलेला. किडनी अचानक बसू शकते, आणि ती दुखत नाही. लघवी कमी होते, पाय सुजतात, लोक म्हणतात 'उन्हानं झालं असेल'.

हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन सोबत घेतलं तर ॲस्पिरिनचा उपयोगच कमी होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत यातलं कुठलंच वेदनाशामक नको.

मी औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत बसतो, म्हणून आमच्याच धंद्याबद्दल बोलतो. डायक्लोफेनॅकची गोळी शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पट्टीवर लाल रेघ असते. पण गिऱ्हाइकाला चारच हव्या असतात, कात्री चालते, नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर. घरी गेल्यावर तो बिननावाचा तुकडा आणि हाडाच्या डॉक्टरांनी दिलेली एसेक्लोफेनॅक एकाच डब्यात. दोन्ही पोटात जातात, दोन वेगळी औषधं समजून. 'बीपीची कोणती चालू आहे?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? संध्याकाळच्या गर्दीत तेवढाही काढत नाहीत.

आणि हो, हे वाचून बीपीची गोळी कोणी परस्पर बंद करू नका. दुखण्याची घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

नुसता गुडघा असेल तर डायक्लोफेनॅकचं जेलही मिळतं. रक्तात फार कमी उतरतं, गुडघ्याला बऱ्यापैकी लागू पडतं. मी सुचवतो. उत्तर ठरलेलं: "मलमानं का होते रे भाऊ, गोळीच दे!"