झटका मशीन वेगळं, लाइनची तार वेगळी

भाऊ, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपुरात बसून शेतकऱ्याला वाघ वाचवायला सांगू नका, कुंपणात करंट सोडल्याशिवाय डुक्कर हटत नाही, सौर कुंपणातही शेवटी करंटच असतो आणि तेही चार दिवसांत बंद पडतं.

नुकसानीबद्दल वादच नाही. देवलापार, पारशिवनी, कुही, भिवापूरकडे जंगलाला लागून वावर असेल तर रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतो, रोही (नीलगायी) हरभरा ठेवत नाहीत. रात्रभर जागल करून माणूस सकाळी पुन्हा कामाला लागतो. वनविभागाच्या भरपाईने गेलेलं पीक उभं राहत नाही.

पण ‘करंट तो करंट’ हे मला अजिबात मान्य नाही. याच समजुतीपायी माणसं मरतात. विजेच्या लाइनवरून थेट ओढलेल्या तारेत 230 व्होल्टचा प्रवाह अखंड असतो. हात पडला की स्नायू आखडतात, तार सुटत नाही. सौर कुंपणाच्या झटका मशीनचा दाब काही हजार व्होल्ट असतो, तरी झटका सेकंदाला साधारण एकदाच बसतो, तोही निमिषभर. एका झटक्याची ऊर्जा मानकाप्रमाणे 5 जूलच्या आत ठेवावी लागते. दोन झटक्यांच्या मधे जनावर मागे सरतं, माणूसही हात काढून घेतो.

वाघाचं सोडा म्हणता. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ 2017 मध्ये नागभीडकडे अशाच लाइनच्या तारेने गेला, ते माझ्या मनातून जात नाही. पण शेतकऱ्याचंच बोलू. कृषिपंपाची वीज बरेचदा रात्रीच्या पाळीत येते. ओलीत करायला निघालेला माणूस अंधारात, ओल्या पायांनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालतो. शेजाऱ्याने डुकरासाठी लावलेली तार त्याला दिसणार कशी? कधी तर तार लावणाऱ्याच्याच घरचं माणूस त्यात जातं.

सौर कुंपण बंद पडतं, हे खरं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पावसाळ्यात तण वाढून तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरतो. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग (मशीनची जमिनीत पुरलेली सळई) काम करत नाही. खालची तार वीतभरापेक्षा उंच बांधली तर डुक्कर खालून निघून जातं. तण काढत राहावं लागतं, अर्थिंगपाशी पाणी ओतावं लागतं. ही मेहनत आहेच.

खर्चासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के अनुदानाची तरतूद आहे. मात्र एकट्याने कुंपण केलं तर कळप शेजारच्या वावरात शिरतो, आणि मग तो शेजारी लाइनची तार टाकतो. म्हणून धुऱ्याला धुरा लागलेल्या सगळ्यांना सोबत घ्या, वनरक्षकाला भेटा, हरभरा पेरायच्या आधी अर्ज द्या. लाइनची तार मात्र आजच उतरवा.