आभाळ काय कुणाच्या बापाचं?

ड्रोन घेतलात? अभिनंदन! आता खोक्यातलं माहितीपत्रक रद्दीत टाका आणि थेट गच्चीवर चला. नियम वाचायच्या भानगडीत पडू नका. केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 ला आणलेले ड्रोन नियम आधीच्या, म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या नियमांपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहेत. ते वाचलेत तर 'सरकार सामान्य माणसाला काही करूच देत नाही' हे हुकमी वाक्य तुमच्या हातून जाईल. एवढं नुकसान सोसायचं कशाला?

सगळ्यात आधी वजन. दुकानदाराने डोळा मारून सांगितलं असेल, '249 ग्रॅम आहे साहेब, नॅनो! काही लागत नाही.' दुकानदार देवमाणूस असतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. 250 ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, विमाही लागत नाही, इथवर तो खरंच बोलतोय. सरकारी नकाशावर लाल-पिवळ्या रंगवलेल्या हद्दीत विनापरवानगी उडवायची बंदी नॅनोलाही लागू असते, हे त्याने सांगितलं नाही. पण गिऱ्हाईकाचा आनंद मोडायचा नसतो, हे त्याला धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

त्यातून ड्रोन दुबईच्या मेहुण्याकडून मागवला असेल तर दुधात साखर. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सवलत फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना. तेव्हा विमानतळावर मेहुण्याने एवढंच सांगावं, की आमचे दाजी संशोधक आहेत. विषय विचारला तर 'मावसभावाचं लग्न'.

हो, लग्न! ड्रोनचा खरा जन्म त्याच्यासाठीच झालाय. शेतावर औषध फवारणं, गावठाणाची मोजणी, ही सगळी पोटापाण्याची कामं. कला दिसते ती लॉन्सवर. वरात पारापाशी आली की ड्रोन घोड्याच्या कानाशी न्यायचा. घोडा उधळला तर शॉट जिवंत येतो. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या बरोबर वर घोंघावत ठेवायचा. भटजी 'सावधान' म्हणतात ते तुम्हाला उद्देशून नसतं. आणि हल्लीची नवी रीत म्हणजे वरमाला ड्रोनने आणायची. पूर्वी करवल्या आणायच्या, पण त्यांना पंखे नसायचे. मोगऱ्याचा बारीकसा हार अडकवा आणि सोडा. ड्रोनच्या वर्गवारीत त्याने उचललेलं ओझंही धरतात, त्यामुळे हार अडकवताक्षणी तुमचं 249 ग्रॅमचं नॅनो बाळ मायक्रो होऊन बसतं. पण मांडवात तराजू घेऊन कोण येतंय?

त्यात एक बारीकशी अडचण आहे. मायक्रो, म्हणजे दोन किलोपर्यंतचा ड्रोन, हौसेने उडवला तर प्रमाणपत्र लागत नाही, धंदा म्हणून उडवला तर लागतं. वय 18 ते 65, किमान दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. फार किचकट! त्यापेक्षा नवरदेवाच्या बापाने दिलेलं पाकीट 'आहेर' म्हणून स्वीकारा. आहेर घेणारा माणूस धंदेवाईक कसा?

नोंदणीचंही तेच. शंभर रुपये भरून ड्रोनला ओळख क्रमांक घ्यायचा म्हणतात. शंभर रुपयांत एक मिसळ येते, तीही तर्रीसकट. क्रमांकाला तर्री असते का?

आता नकाशा. 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर साऱ्या देशाचा रंगीत नकाशा फुकट आहे: हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवा, पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाला विचारा, लालमध्ये केंद्र सरकारला. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं फक्त 200 फुटांपर्यंतच. हे बघायला पाच मिनिटं लागतात, म्हणून बघू नये. लग्न पुण्यातल्या खराडीत असेल तर नक्कीच नको. शेजारी लोहगाव, तिथे हवाई दलाचा तळ. नकाशा उघडलात तर मूडच जाईल. त्या पाच मिनिटांत बॅटरी चार्ज करा.

शिवाय रंग बदलतातही. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. मुंबईत तर पोलीस अधूनमधून ड्रोनवर बंदीचा आदेशच काढतात. तो व्हॉट्सॲपवर आला तर 'शुभ सकाळ'सारखाच न वाचता पुढे पाठवा.

रात्री गावाकडे उडवायचा मोह झाला तर अवश्य उडवा. 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या गावांत रात्रीच्या ड्रोनमुळे लोक चोरांच्या धास्तीने काठ्या घेऊन जागरण करत होते. अशा वेळी शेताच्या बांधावर रिमोट घेऊन अंधारात उभं राहिलात की ओळखी फार पटकन होतात.

शेवटी पडझडीचं. ड्रोन पडतोच. लग्नात तो सहसा मुलीच्या मामावर पडतो, कारण फेटा त्याचाच उंच असतो. अपघात 48 तासांत कळवायचा असा नियम आहे. तेवढ्यात सत्यनारायणही आटोपतो, म्हणजे घाई नाही. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, तो वरातीच्या बँडच्या हिशेबात मिळवा. मामाला बर्फ द्या आणि 'घार आडवी आली' म्हणा. ड्रोन कुणाचा असं कुणी विचारलंच तर मुलीकडच्यांकडे बोट दाखवा, ते तुमच्याकडे दाखवतीलच. फक्त फौजदार मांडवात शिरायच्या आत ड्रोनवरचा हार तेवढा काढून घ्या. उगाच वजनाचा प्रश्न निघायला नको.