खुलासा: गांडूळ मेले नाही म्हणून रसायन मातीला निर्धोक ठरत नाही

‘ज्या औद्योगिक रसायनाच्या 14 दिवसांच्या चाचणीत प्रतिकिलो मातीत 1000 मिलिग्रॅम मात्रेपर्यंत गांडुळे मेली नाहीत, ते असलेला सांडपाण्याचा गाळ शेतात बिनधास्त टाकावा,’ असा दावा सध्या फिरतो आहे. चाचणी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

ही चाचणी फक्त तीव्र विषारीपणा, म्हणजे मृत्यू, मोजते. गांडूळ जिवंत राहूनही त्याचे प्रजनन थांबू शकते, आणि ते तपासणारी वेगळी चाचणी 8 आठवडे चालते. शिवाय चाचणीतले आयसेनिया फेटिडा हे गांडूळखताच्या खड्ड्यातले गांडूळ आहे, शेतातले नव्हे. आणि ज्या कृत्रिम मातीत ते ठेवतात तिच्यात साधारण 10 टक्के पीट, म्हणजे दलदलीतले अर्धवट कुजलेले सेंद्रिय द्रव्य असते, जे अनेक रसायने धरून ठेवते. आपल्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय द्रव्य याहून पुष्कळ कमी असल्याने तीच मात्रा तिथे अधिक जाचक ठरू शकते.

म्हणूनच युरोपीय मूल्यमापनात हाती अशी एकच अल्पकालीन चाचणी असेल, तर निम्मे जीव मारणारी मात्रा 1000 ने भागतात. ती 1000 मिलिग्रॅम धरली तरी सुरक्षित पातळी 1 मिलिग्रॅमवर येते. दीर्घकालीन चाचण्या वाढल्या, आणि त्यांत वनस्पती व सूक्ष्मजीवही आले, की हा भाजक 10 पर्यंत उतरतो. मग प्रश्न उरतो तो मातीत प्रत्यक्ष साचणाऱ्या प्रमाणाचा, आणि तो हिशेब सलग 10 वर्षे गाळ टाकला जाईल असे धरून करतात.