संशोधन-नीतिमत्ता शिकवण्याचा निर्धोक मार्ग

यंदा आपल्याकडे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमधील ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा विषय आला असेल, तर मुळीच घाबरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये आखलेल्या या दोन श्रेयांकांच्या, ३० तासांच्या अभ्यासक्रमाच्या मूळ आराखड्यात चॅटजीपीटीचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. आणि आराखड्याबाहेरचे शिकवून स्वतःच्या डोक्याला ताप करून घेण्याची सक्ती कोणत्याही परिपत्रकात नाही.

नीतिमत्ता टक्क्यांत मोजतात, हे पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधाचे आधीच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून देता येते आणि ६० च्या वर गेले तर नोंदणी रद्द होते. यंत्राने ताजा रचलेला मजकूर सहसा कोणत्याच जुन्या मजकुराशी शब्दशः जुळत नसल्यामुळे तो या चाळणीतून सोवळ्याने बाहेर पडतो. उलट गावोगाव हिंडून मुलाखती घेणारी आणि रात्री जागून स्वतः लिहिणारी एखादी विद्यार्थिनी पद्धतिशास्त्राच्या प्रकरणातील ठरावीक वाक्यांपायी बारा टक्क्यांवर अडकते. अशा विद्यार्थिनीला कडक समज द्यावी. तिच्या मुलाखतींच्या वह्या मात्र पाहायला मागू नयेत, कारण मग इतरांच्याही मागाव्या लागतील.

यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर आपला पूर्ण विश्वास असावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, हे वर्गात सांगण्याचे कारण नाही. अहवालाची प्रत फाइलला लावता येते, विद्यार्थ्याशी तासभर केलेली चर्चा लावता येत नाही. (स्वतःची पीपीटी कोणी तयार केली, हा आपला खासगी प्रश्न आहे.)

एका मुद्द्यापाशी मात्र सांभाळावे. प्रकाशन-नीतीची आंतरराष्ट्रीय समिती ‘कोप’ हिने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, लेखाची जबाबदारी घेता येत नसल्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक मानता येणार नाही. हे वाक्य फळ्यावर जरूर लिहावे, पण लगेच पुसावे. कारण न वाचलेल्या लेखावर ज्या मार्गदर्शकाचे नाव दरवेळी छापले जाते, त्याला हाच निकष लावायचा का, असे मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारते. तसे झाल्यास वेळ संपल्याचे जाहीर करून हजेरी घ्यावी.